नारूची पायरी

सुंदरबाईच्या हातात काही आलं की ती आधी ते डोळ्यांजवळ नेऊन बघायची. वालाची शेंग असो, बैलाच्या कानातली गोचीड असो, नाहीतर नवऱ्याच्या पागोट्याची शिवण. बघून झाल्यावर "अस्सं!" म्हणायची आणि मगच पुढच्या कामाला लागायची. तिचा नवरा नवल चारचौघांत सांगायचा, "हाई बाई मरी तव्हय यमलेबी जवय बलाईसन देखी." लोक हसायचे, सुंदरबाईही हसायची. बघायची खोड मात्र काही गेली नाही, आणि गेली नाही हे गावाचं नशीब.

गाव गोमाई नदीच्या काठचं. मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. होळी झाली की नदीत नुसती वाळू उरायची आणि सगळ्या गावाची मदार एका बारवेवर यायची. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायांनी पायऱ्या उतरून खाली जायचं, पाण्यात घोटाभर उभं राहायचं आणि घागर बुडवायची. पाणी गार, गोड. त्या पाण्याला नाव ठेवलेलं गावात कुणाला खपत नसे.

पण गावात नारू होता. आताच्या लोकांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, हे किती बरं झालं! आधी पायाला फोड यायचा, फोडाची आग आग व्हायची, आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. ओढून काढावा तर तुटायचा, आणि तुटला की पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. म्हणून त्याला काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसायचं. ती आग अशी, की धट्टेकट्टे बाप्ये पोरांसारखे रडायचे.

त्यावर गावाचा एक उपाय होता. बारवेच्या ज्या पायरीला पाणी टेकलेलं असेल ती नारूची पायरी. नारूवाल्यानं तिथं बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचा. आग थांबायची, नारूही सैल पडायचा. ज्याला चालवत नसे त्याला घरचे उचलून आणायचे. बाया त्याच्या शेजारीच घागर भरायच्या आणि विचारायच्या, "आते बरं वाटस का, भाऊ?" माया होती हो ती! त्याच मायेनं सगळं गाव नासत होतं, पण हे सांगणार कोण?

सांगितलं एका घड्याळजीनं. नवलच्या खिशातलं घड्याळ बंद पडलं होतं. मिरचीची गाडी नंदुरबारला निघाली तेव्हा तो घड्याळ घेऊन गेला, आणि घड्याळाच्या पोटात असतं काय ते बघायला सुंदरबाईही गाडीत चढून बसली. जहीर घड्याळजीचं दुकान मिरची बाजाराच्या तोंडाशी. मिरचीच्या खाटानं शिंका देत देत त्यानं डोळ्यात भिंग बसवलं आणि घड्याळ उघडलं. सुंदरबाईला कुठला दम निघतो! "जहीरभाऊ, मी देखू?"

जहीरनं भिंग दिलं. ती वाकली आणि ओरडलीच, "अय माय! आठे ते आख्खा घाना चाली ऱ्हायना!"

मग तिनं भिंग सोडलंच नाही. नवलच्या हातावरचे केस पाहिले, मिरचीचं बी पाहिलं, जहीरच्या घोट्यावरचा जुना वणही पाहिला. "हाऊ नारूना शे ना?"

"हां भाभी. लई रडाऊ लागना व्हता मी," जहीर म्हणाला. मग दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला जे समजावलं होतं ते त्यानं तिला समजावलं. नारूचा पाय पाण्यात बुडला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यातला एक बारका किडा ती गिळतो. तो किडा आपण पाण्याबरोबर पितो, आणि सालभरानं आपल्या पायातून नवा नारू निघतो. "पानी गाळीसन पिवा, भाभी. नारूना पाय पानीमा पडू देऊ नका. आनि बारवमा बारका मासा सोडा. तो त्या किडास्ले खास."

"सालभर?" नवलला हसू आवरेना. "आज पानी पिवो आनि पुढला साल पायमाईन निंघी?"

सुंदरबाई हसली नाही. निघताना जहीरनं तिला एक तडा गेलेलं जुनं भिंग दिलं. ते तिनं पदराच्या गाठीत बांधलं आणि घर येईपर्यंत गाठीवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची काचेची बरणी घासूनपुसून तिनं बारवेच्या काठावर मांडली, पाण्यानं भरली आणि उन्हाकडे धरून भिंगातून पाहू लागली. बाया गोळा झाल्याच. सगळ्यांत पुढे भिकुबाई. भिकुबाई म्हणजे सुंदरबाईची शेजारीण, जिवाभावाची आणि तितकीच भांडखोर. मांस-मासळीचं नावही काढायचं नाही अशा सोवळ्या घरातली.

"काय दिखस व?" भिकुबाईनं भिंग हिसकावलं आणि डोळ्याला लावलं. "देवा! एक डोया शे! कपायमा एकच! आनि शेपटीले दोन थैल्या बांध्यात!"

"तो काण्या," सुंदरबाई म्हणाली. नाव तिनं तिथल्या तिथंच ठेवलं.

"म्हंजे इतला साल आपन जित्ता जीव गियी ऱ्हायनूत?" भिकुबाईनं जी तोंड धुवायला सुरुवात केली, ती थांबायचं नावच घेईना. घरी जाऊन तिनं सगळ्या घागरींना दुहेरी फडकी बांधली. नारूबिरू तिला पटला नव्हता. आपला नेम मोडला, याचाच तिला धक्का! बाकीच्या बायांचंही तेच झालं. सुंदरबाईनं नारूचं परोपरीनं सांगावं आणि बायांनी किळस येऊन पाणी गाळावं. गाळेनात का कशासाठीही, गाळतात ना? सुंदरबाईनं तेवढ्यावर समाधान मानलं.

पण भिंगाची चटक लागली ती लागलीच. पाणी गाळून झालं की बाया फडकं उलटं करून बघायच्या. "आज तुन्हा काण्या कितला? मन्हा देख कसा उड्या मारी ऱ्हायना!" कुणी उवा आणून दाखवायची, कुणी कापसावरची अळी, कुणी मिरचीचं फूल. बारवेवर आधी सासवांच्या चुगल्या चालायच्या, आता अळीला पाय किती यावर भांडणं जुंपायला लागली.

मासे सोडायचं निघालं तेव्हा मात्र गावानं डोळे वटारले. मासळीचं पाणी प्यायचं? छी! सुंदरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काण्यानं पानी चालस, आनि मासानं नही का? मासा काय तुम्हनी घागरमा येवाव शे? देवना कुंडमा मासा ऱ्हातस, तठे ते हात जोडतस!" मग गोवाल भिलानं नदीच्या डोहातून बारके मासे मडक्यात जिवंत धरून आणले. "जनमभर पानीमाईन काढात," तो हसून हसून बेजार झाला, "आज पहिला डाव पानीमा टाकी ऱ्हायनू!" सुंदरबाईनं सगळ्यांना बजावून ठेवलं, बारवेतल्या माशाला कुणी हात लावायचा नाही, गळ टाकायचा नाही. आणि नारूच्या पायरीवर कुणी बसायचं नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात नेमका भिकुबाईलाच नारू निघाला.

ती लंगडत बारवेवर आली तर सुंदरबाई पायऱ्यांच्या तोंडाशी हात पसरून उभी. "भिकू, तठे नही. तू घर चाल. मी घागर भरीसन आनस, पायवर वतस. पानीमा पाय नही बुडाऊ देवाव."

"सुंदर, आग व्हई ऱ्हायनी! बाजू व्हय!"

सुंदरबाई रडली, पाया पडली, पण बाजूला झाली नाही. भिकुबाईनं तिथं अख्ख्या गावादेखत तिचा उद्धार केला. "तुन्हा हातनं पानी माले नको! तुले निंघू दे एक डाव नारू. मंग देखस मी, तू कोनती पायरीवर बठस ते!" आणि घराकडे वळली. तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलं. मधल्या कुडावरून वाटी-चमचा जायचा तोही बंद झाला. सुंदरबाईनं भिंगाखाली फार काही पाहिलं, पण भिकुबाईच्या घराकडे नुसत्या डोळ्यांनीही बघवेना तिला.

साल गेलं. पुढच्या उन्हाळ्यात सुंदरबाईच्याच घोट्यावर फोड आला.

झालं! गावाला काय, बोलायला तेवढंच पाहिजे. "गाळीसन पिनी, मासा सोडात, आनि नारू तिलेच निंघना!" ती घसा कोरडा करून सांगायची, की बाबांनो, हा गेल्या सालचा, भिंग यायच्या आधी प्यालेल्या पाण्याचा. ऐकतं कोण? काही घागरींच्या तोंडची फडकी सुटली. काही बाया म्हणाल्या, चला, आता नारूची पायरी पुन्हा मोकळी. सगळं गाव एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसलं होतं. सुंदरबाई स्वतः काय करते? ती पायरीवर बसली की भिंग, फडकी, मासे, सगळ्यावर पाणी पडलंच म्हणून समजा.

नवल बिचारा सकाळ-संध्याकाळ पाणी आणून तिच्या पायावर ओतायचा. आता तो हसत नव्हता. पण एक दिवस भावकीतल्या लग्नाला त्याला जाणं भाग पडलं. गावही जवळजवळ सगळं वऱ्हाडात गेलं. जाताना त्यानं रांजण काठोकाठ भरून ठेवला. ऊन तापायला लागलं, आग वाढली, आणि दुपार व्हायच्या आत सुंदरबाईनं रांजणाचा तळ गाठला.

ती घागर घेऊन बारवेकडे निघाली. मनाशी म्हणत होती, नुसती घागर भरायची. पायऱ्या ती बसून बसून, हातांवर भार देत उतरली. पाण्याच्या वरच्या पायरीवर आली तेव्हा तिला कळलं, की भरली घागर घेऊन वर चढणं आपल्याच्यानं व्हायचं नाही. आणि पाणी तिथं, वीतभर अंतरावर. बारवेत गारवा, वर चिटपाखरू नाही.

एकदाच. कोण बघतंय? एवढ्या पाण्यात एक पाय! तिनं पाय उचलला. दातांखाली पदर धरला होता तिनं. पावलाची सावली पाण्यावर पडली तसे मासे वर आले, गोवालनं आणलेल्या माशांची पिल्लावळ, काहीतरी खायला मिळेल म्हणून तोंडं उघडून.

"तुम्हीन तरी कितलं खाशात रे?" सुंदरबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. संध्याकाळी नवल लग्नाहून येणार, तहानलेला. सगळं गाव येणार. फडकी सोडून बसलेलं गाव ह्याच पाण्यावर तुटून पडणार. तिनं पाय मागे घेतला. घागर तिथंच सोडली आणि मागच्या मागे, एकेक पायरी बसत, मोठमोठ्यानं रडत ती वर चढू लागली. लाज नाही, काही नाही. आग अशी होती, की त्या आगीपुढे कसली लाज!

वर पोचली तर कठड्याशी भिकुबाई उभी.

"तू लगीनमा नही गयी?" सुंदरबाईनं डोळे पुसत विचारलं.

"नही गयी. तू घागर लिसन निंघनी तव्हय मांगेमांगे उनी. तू पाय बुडावस का नही, ते देखी ऱ्हायंती." भिकुबाईनं खाली पाण्याकडे बोट केलं. "बुडावती ते बठ्ठा गावले सांगती. तेच ठरायेल व्हतं मन्हं."

"मंग?"

"मंग काय? उठ!" भिकुबाई ओरडली. तिनं सुंदरबाईला काखेत हात घालून उठवलं, बारवेपासून लांब निंबाखाली आणून बसवलं, आणि तरातरा पायऱ्या उतरून ती घागर भरून घेऊन आली. येताना तोंडाचा पट्टा चालूच होता. अशी हट्टी बाई पाहिली नाही, मेली असती तर नवलला काय सांगितलं असतं, आणि गेल्या उन्हाळ्यात आपणही तिच्या हातचं पाणी घेतलं असतं तर काय बिघडत होतं, हेही ती त्याच रागात बोलून गेली. मग तिनं आपला पदर दुहेरी केला, घागरीच्या तोंडावर गाळण्यासारखा ताणून धरला आणि त्यातून पाण्याची धार सुंदरबाईच्या घोट्यावर सोडली.

सुंदरबाईनं डोळे मिटले. आग उतरू लागली. मग एकदम तिच्या लक्षात आलं, तशी ती रडता रडता हसायला लागली. "भिकू, पायवर वतानं पानी कसाले गायस व?"

"तू गप बठ. तुन्हा काय भरोसा? तहान लागनी ते हाईच पी टाकशी!"

पाणी निंबाच्या मुळांकडे वाहत गेलं. घागर रिकामी झाली तशी भिकुबाईनं ओला पदर उलटा केला, उन्हाकडे धरला आणि दुसरा हात सुंदरबाईपुढे पसरला. "भिंग दे."

सुंदरबाईनं पदराची गाठ सोडून तडा गेलेलं भिंग तिच्या हातावर ठेवलं. भिकुबाईनं एक डोळा मिटून पदराचा सगळा ओला भाग शोधून पाहिला. पाहता पाहता तिचं तोंड उघडंच राहिलं. "एकबी काण्या नही, माय! मासास्नी एकबी नही सोडा!"

"नीट देख," सुंदरबाई म्हणाली.

आणि भिकुबाई पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.