टॉवेल पाणी पीत नाही

"सर, टॉवेल पानी नहीं पीता," असं म्हणत शेठनी तीन वापरलेले टॉवेल माझ्या टेबलावर टाकले. "दुकानदार परत देऊन गेला. उद्या रिपोर्ट द्या. चूक रामदासची निघाली तर त्याला घरी पाठवतो."

भिवंडीतल्या एका टॉवेल प्रोसेसिंग कारखान्याची लॅब मी सांभाळतो. लूमवर विणलेला टॉवेल आमच्याकडे धुतात, रंगवतात आणि शेवटी सॉफ्टनरच्या पाण्यातून काढून वाळवतात. सॉफ्टनर म्हणजे धाग्यावर बसणारा मऊ थर. तो कमी पडला तर टॉवेल अंगाला खरखरीत लागतो. जास्त झाला तर पाणी आत शिरत नाही. ते प्रमाण राखणं रामदासचं काम. मूळचा अंजूरचा, अकरा वर्षं सॉफ्टनरच्या टाकीवर.

त्याला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"सर, देवाशप्पथ, मी कमी-जास्त काय टाकलं न्हाय. वजन करूनच टाकतो."

"बस आधी."

"बसून काय करू? शेठ हिशोब करायला निघालाय माझा."

टेस्ट सोपी असते. टॉवेलवर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो किती वेळात जिरतो ते घड्याळावर बघायचं. त्याच लॉटचा कोरा टॉवेल घेतला. थेंब टेकला आणि नाहीसा झाला. परत आलेला टॉवेल घेतला. थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा राहिला. मी चहा पिऊन आलो. थेंब तिथेच होता.

इथे माझा गोंधळ झाला. कारखान्यात सॉफ्टनर जास्त झाला असता तर नव्या टॉवेलनेच पाणी घेतलं नसतं आणि धुऊन धुऊन तो सुधारला असता. इथे उलटं होतं. नवा चांगला, धुतलेला बिघडलेला. शिवाय धुतलेला टॉवेल नव्याहूनही मऊ लागत होता. सहा महिने वापरलेला टॉवेल मऊ होत जातो, असं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. पुन्हा टेस्ट केली. तेच. घड्याळ बदलून पाहिलं, हे आता लिहितानाही लाज वाटते.

माझ्या डोक्यावरचा विश्वासही त्या दिवसांत कमी झाला होता. पत्नी जाऊन चार महिने झाले होते. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नसे. आंघोळीनंतर शर्ट पाठीला चिकटायचा. वाटायचं, आपल्याला अंगही नीट पुसता येत नाही.

दुकानदाराला फोन केला. तिन्ही गिऱ्हाइकं धामणकर नाक्याजवळच्या एकाच बिल्डिंगमधली निघाली. संध्याकाळी तिथे गेलो. त्यांतल्या पहिल्या मजल्यावरच्या कविताताईंनी आत बोलावलं.

"टॉवेल धुता कसे?" मी विचारलं.

"कसे म्हणजे? सगळे धुतात तसे. पावडर, मग दोन पाणी, शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर."

"कुठला सॉफ्टनर?"

"कंपनीचा! दुकानातला न्हाय. वरच्या मजल्यावरचे रामदासभाऊ आणून देतात सगळ्यांना. फुकट. लई चांगला माणूस."

त्यांनी बाथरूममधून शीतपेयाची जुनी बाटली आणून दाखवली. आत पांढरट घट्ट द्रव. "प्रत्येक धुण्याला अर्धी वाटी," त्या म्हणाल्या.

मी बाटलीकडे बघत राहिलो. तशीच बाटली माझ्या घरी मोरीत होती. पत्नी गेल्यावर मी कपडे स्वतः धुतो हे कळल्यावर रामदासने ती माझ्या पिशवीत ठेवली होती. "सर, दोन झाकणं टाका, कपडे मऊ राहतील." मी घातली होती, मोठ्या विश्वासाने, टॉवेललाही.

कारखान्यातल्या सॉफ्टनरच्या पिंपाच्या तळाला उरलेला तो माल पाणी न घातलेला, कारखान्याच्या जोराचा. आम्ही तो टॉवेलला एकदाच लावतो, तोही मोजून. इथे धुण्यागणिक थरावर थर चढत होता.

सकाळी शेठना सगळं सांगितलं. लॉट बरोबर आहे, हेही.

"म्हणजे चोरी!" शेठ म्हणाले. "घरी पाठवतो त्याला."

"तो माल आपण गटारात सोडतो, शेठ. आणि एक बाटली माझ्याकडेपण आहे."

"तुम्ही लॅबवाले. तुम्हाला पण समजलं नाही?"

"नाही."

शेठनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत सगळ्या बाटल्या परत पाहिजेत. एक जरी बाहेर राहिली तर रामदास बाहेर."

रामदास दारोदार फिरला. सगळ्या मिळाल्या, एक सोडून. शनिवारी दुपारी मला घेऊन तो कविताताईंच्या दारात उभा राहिला.

"दिलेलं परत मागता होय भाऊ?" त्या म्हणाल्या. "टॉवेलला नको तर साड्यांना वापरते. एवढ्या मऊ झाल्यात."

"ताई, नोकरी जाईल माझी."

"बाटलीपायी? मला काय येडी समजता?"

मी त्यांच्याकडे चमचाभर पाणी मागितलं. दोरीवरचा वाळलेला टॉवेल ओट्यावर पसरला आणि चमच्यातून थेंब सोडला. तिघेही वाकून बघत राहिलो. थेंब हलेना.

"अगं बया," कविताताई म्हणाल्या. "नातू आंघोळीनंतर ओलाच राहतो म्हणून मी सुनेला रोज बोलतेय, जरा नीट पुसत जा त्याला!"

बाटली त्यांनी स्वतः आणून रामदासच्या हातात दिली. वर म्हणाल्या, "आता सुनेला काय सांगू, तेही सांगून जा."

रामदास टाकीवरच आहे. बिल्डिंगमधल्या टॉवेलांना मी कडकडीत पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा सांगितला. पाच-सहा धुण्यांत ते पुन्हा पाणी घेऊ लागले. रेशमी आणि मलमलीच्या कपड्यांना सोडा लावू नका, ते गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि पिळू नका, हेही सांगितलं. टॉवेलला एरवी बेताची पावडर, दोन स्वच्छ पाणी आणि वाळत घालण्याआधी दोन जोरदार झटके पुरतात. रिपोर्टात कारण काय लिहावं हे मात्र मला शेवटपर्यंत सुचलं नाही. छापील फॉर्ममध्ये सूत, रंग, मशिन आणि कामगार एवढेच रकाने आहेत, शेजारधर्माचा नाही.