नवमीच्या दुपारी बिजागऱ्या कोणी आवळल्या?

या, जरा जवळ सरकून बसा. आणि आधीच ते हसू नको तोंडावर. 'आज्जीपण भुताच्या गोष्टी सांगायला लागली' असं मनात आलं ना? आलंच असणार. तुम्हा शिकलेल्यांचं हेच चुकतं, ऐकायच्या आधीच निकाल देऊन मोकळे होता. गप ऐका.

पहिलं सांगून ठेवते... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कधीच नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून चुलीवरचं दूध बघायला घरात यायची. शाळेत मी गेले नाही. आमचे हे भातसानगरला धरणावर वायरमन होते. तिथल्या क्वार्टरमध्ये पोराच्या अंकलिपीवरून मी अक्षरं लावायला शिकले, आणि मग जे हाती लागेल ते वाचत सुटले. वाचणाऱ्या बाईला भुतं दिसत नाहीत, असं मी अजूनही म्हणते. पण गेल्या खंडेनवमीला माझ्या घरात जे झालं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. भीती नव्हे हं. राग.

घर आमचं मुरबाडहून सिद्धगडाच्या अंगाला जाणाऱ्या एसटीच्या वाटेवर. ओट्यावर उभं राहिलं की समोर गड. मधल्या घरात भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट - सागाचं, दोन दारांचं. रिटायर होताना यांनी कॉलनीतून टेम्पोत घालून आणलं. लाकूड अजून खणखणीत आहे. दुखणं होतं ते बिजागऱ्यांचं. उजव्या दाराच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकात नुसते गरगर फिरायचे, आतलं लाकूडच खाल्लेलं. दार खाली बसलं होतं. उघडायचं तर गुडघ्याने वर रेटून ओढायचं. डावं दार पावसाळ्यात फुगून बसायचं ते दिवाळीपर्यंत हलायचं नाही.

यांना इलाज ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता! भोकात बांबूची कामटी ठोकायची, तिच्यात स्क्रू आवळायचा, घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळायची. कॉलनीतल्या सगळ्यांची दारं या माणसाने अशीच नीट करून दिली. आणि घरचं? "करतो गो, उद्या करतो." उद्या-उद्या करत माणूस गेला. दार तसंच.

आता नवमीचं ऐका. मुलगा नितीन आणि सून सायली बदलापूरला राहतात, सुट्टी काढून आलेली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. कोयता, विळा, पहार, यांच्या पत्र्याच्या पेटीतली हातोडी, पकड, स्क्रू पिळायचा पेचकस... स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडू. एकदा पुजली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते लोखंड, तेवढीच त्याला सुट्टी.

पूजा झाली, चहा झाला, आणि नितीन कसा, कप खाली ठेवता ठेवता म्हणतो, "आई, उद्या मुहूर्त आहे ना, मुरबाडवरून नवीन वॉल युनिट येतंय. त्याच टेम्पोत हे जुनं जाईल."

"जुनं म्हंजे?"

"कपाट गं."

"आणि पुस्तकं?"

"तू थोडी निवड ना. खोक्यात घालून माळ्यावर टाकू. बाकीची रद्दीत."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. माळ्यावर! माझे हे गुडघे घेऊन मी माळ्यावर चढू? दुपारी जेवून झालं की एक पुस्तक काढायचं आणि ओट्यावर बसायचं, एवढंच या घरात माझं म्हणून उरलंय. आणि ते काढून न्यायचं सगळं आधीच ठरवून बसलेली ही दोघं! टेम्पो ठरला, युनिट ठरलं, मला सांगायचं शेवटी... चहाबरोबर बिस्कीट दिल्यासारखं.

"मला इचारलं कोणी?" मी म्हटलं.

"अगं, मागे ते दार तुझ्या पायावर पडता पडता राहिलं. कशाला हवाय धोका?"

"दार नीट करता येतं."

"कोण करणार? बाबांनी केलं का?"

घ्या! सायली बिचारी म्हणाली, "अहो, नका ना असं बोलू आईंना." तर हा आणखी चढला. "बरं आई, उद्या टेम्पो यायच्या आत दोन्ही दारं एका बोटाने उघडू दे आणि लागू दे. कपाट राहील इथंच. प्रॉमिस!"

मी तशीच उठले. पेटी उघडली. रिकामी. पेचकस झेंडूच्या फुलांखाली. कोणी ठेवला? मीच, सकाळी, माझ्या हातांनी, धुऊन पुसून कुंकू लावून. असा संताप आला स्वतःचा...

"घे ना उचलून," नितीन म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघत्ये ना!"

तडक शेजारी मोठ्या जावेकडे गेले. "ताई, पेचकस द्या तुमचा."

"येडी का खुळी गो तू?" ताई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आज नवमी! गावभर फिर जा, कोण हत्यार देतंय बघ. आणि दिलंच, तर मला येऊन नाव सांग त्याचं."

खरं होतं त्यांचं. आमच्या गावात त्या दिवशी कोणी खिळा ठोकत नाही. आणि टेम्पो येणार दसऱ्याच्या सकाळी, सोनं वाटायच्या आत. बसले हात चोळत.

दुपारी दसऱ्याच्या तोरणाला भाताच्या लोंब्या आणायला शेतावर निघालो. मी, नितीन, सायली आणि ताई. मागच्या दाराला आतून अडसर घातला, पुढच्या दाराला मीच कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. विळा पूजेत, म्हणून लोंब्या हाताने खुडायच्या. नितीन सारखा माझ्या पुढे-मागे. "आई, पाणी पितेस का? आई, सावलीत बस." मी एक अक्षर बोलले नाही. ताईच म्हणाल्या, "नितीन, आज तुझी आई मुकी झालीय, तू पण हो रे जरा."

परत आलो तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. कुलूप जसंच्या तसं. मी उघडलं. सायली म्हणाली, "चला आई, मी मदत करते पुस्तकं निवडायला." तिने सवयीप्रमाणे दाराला गुडघा लावला आणि जोरात ओढलं... तर दार असं भसकन उघडलं की पोर मागे भिंतीवर आपटली.

मी पुढे झाले. दार लावलं. एका बोटाने. लागलं. डावं उघडलं. उघडलं! दोन्ही दारं मधे अशी जुळली, जशी नवीन असताना जुळायची. वरच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट, आणि एका स्क्रूच्या बाजूने कामटीचं टोक डोकावत होतं. ओल्या बांबूचं, पांढरट हिरवं. डाव्या दाराच्या कडेला मेणाची चकाकी.

मग नितीन हळूच म्हणाला, "आई... तू हत्यार उचललंस ना? आम्ही निघायच्या आधी? कबूल कर, मी रागावणार नाय."

रागावणार नाही म्हणे! मी, जी सणाची विळीसुद्धा हलवत नाही, ती कपाटासाठी खोटं बोलेन? मी त्याचा हात धरला आणि ओढत त्याला देवघरात नेलं. "बघ! डोळे फाडून बघ!"

पाटावर फुलं जशीच्या तशी. त्याने वाकून झेंडू बाजूला केला. पेचकसाच्या दांड्यावर कुंकवाचं बोट वाळून गेलेलं, त्यात दोन अक्षता चिकटलेल्या. मुठीत धरला असता तर ते बोट पुसलं नसतं का? नितीन बघत राहिला. मग फूल परत होतं तिथं ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलो आई."

ताईंनी तेवढ्यात कपाटापुढे हात जोडले. "भाऊजी येऊन गेले गो. त्यांचीच कामटी ही."

आणि मग मात्र माझा जो भडका उडाला... "ताई, हात खाली करा आधी! जिवंत होते तेव्हा वर्षानुवर्षं 'उद्या करतो' म्हणून माझा गुडघा झिजवला, आणि आता येऊन केलं म्हणून मी हात जोडू?" सायली रडायला लागली. मी नाही रडले.

संध्याकाळी नितीनने फोन करून युनिट नको म्हणून सांगितलं. कपाट आहे तिथंच आहे, पुस्तकं आहेत तिथंच आहेत. दार अजून एका बोटाने उघडतं.

मी खूप डोकं चालवलं. कुलूपबंद घरात शिरून बिजागऱ्या आवळून जाणारा चोर मी तरी ऐकला नाही. गावातला माणूस म्हणाल तर नवमीला कोणी हत्यार धरणार नाही. बाहेरचा म्हणाल तर त्याला माझ्या कपाटाचं दुखणं काय माहीत? उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी ऐकून घेईन.

पण ताई म्हणतात तसं असेल, तर मला एवढंच विचारायचंय... अहो, एवढी दोन दारं नीट करायला वेळ होता तुमच्याकडे, मग थोडं थांबायला काय झालं होतं? मी शेतावरून येतच होते की.

असो. तुम्ही तरी असं करू नका. लवकर या एकदा माझ्या घरी, दिवाळीच्या आधीच या. मी घरात नसले तर शेतावर असेन. ओट्यावर बसा, तांब्यात पाणी असतं. मी आल्याशिवाय जायचं नाही.