सभेच्या दिवशीची देवदर्शनाची बस

तुमच्या वॉर्डातून देवदर्शनाची फुकट बस निघाली, त्या दिवशी महापालिकेत काय चाललं होतं, हे तुम्ही कधी विचारलंय का? आम्ही नव्हतं विचारलं.

वाघोलीच्या अलीकडे, शहरात नव्यानेच घेतलेल्या एका गावाच्या कडेला आमची वस्ती. वडील वऱ्हाडातून इथे कारखान्यात नोकरीला आले. आमच्या घरात देवघराआधी पाण्या-दिव्यांच्या मागण्यांच्या पत्रकांचे गठ्ठे आले, आणि ती चिकटवायची खळ आईच्या भाताच्या पातेल्यात शिजायची. वडिलांबरोबर घोषणांनी भिंती रंगवायला गावातल्या शेतकऱ्याघरचा एक तरुण सायकलवरून यायचा. मी त्यांना काका म्हणायचे. माझं पहिलं पत्रक त्यांनीच तपासलं. त्यातली ‘विनंती’ खोडून त्यांनी ‘मागणी’ लिहिलं आणि म्हणाले, “आपलंच हाय ते. विनंती कशाला?”

पुढे काका नगरसेवक झाले. निकालाच्या दिवशी वडील गुलालात इतके माखले की आईने त्यांना अंगणातच आंघोळ घातली.

मी रोज कॉलेजला जाण्याआधी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात बसायचे. सकाळी दार उघडण्याआधीच बाहेर माणसं उभी असत. कुणाला रहिवासी दाखला हवा, कुणाच्या दारात ड्रेनेज तुंबलेलं, कुणाचा टँकर आलेला नाही. काका सगळ्यांचं ऐकत, तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावत. मग एखाद्या दशक्रिया विधीला जाऊन श्रद्धांजलीचं भाषण, तिथून लग्नात अक्षता, संध्याकाळी नव्या बाकड्याचं उद्घाटन. बाकड्यावर बसणाऱ्याची पाठ त्यांच्या नावाला टेकायची. मला हसू यायचं, पण राग यायचा नाही. नळ आला होता, दिवे आले होते.

मागणी आता एकच उरली होती. वस्तीतली महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल हायवेच्या पलीकडे. जिथे ज्वारी असायची तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या हायवेवरून कंपन्यांच्या बसगाड्या सुसाट जायच्या. मुलींना लोक सातवीनंतर घरीच बसवत. माझी धाकटी बहीण यंदा सातवीत आहे. वस्तीला लागून एक मोकळा भूखंड होता, हायस्कूलसाठी राखून ठेवलेला. त्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार, असं काकांनीच आम्हाला सांगितलं.

“कुणीतरी आरक्षण उठवायला बघतंय. बायकांना घेऊन ये. प्रेक्षकांची गॅलरी भरली की सभागृहाला घाम फुटतो. पास मी देतो.”

मी दारोदार फिरले. बायका तयार झाल्या. आई सगळ्यांच्या पुढे होती.

सभेच्या दिवशी मी सकाळीच कॉलेजला गेले होते. दुपारी परस्पर महापालिकेच्या दारात भेटायचं ठरलं होतं. मी वाट पाहत राहिले. बस आली की रस्त्याकडे धावायचे, आमचं कुणीच उतरायचं नाही. शेवटी एकटीच वर गेले. गॅलरीच्या दारातल्या शिपायाने पास उलटसुलट पाहिला.

“कुणाकडून आलात?”

“कुणाकडून नाही. नागरिक आहे.”

“अरे वा. फारसे येत नाहीत ते. बसा, जागाच जागा आहे.”

आमचा विषय पुकारला. शाळेचं आरक्षण उठवून तिथे व्यापारी संकुल होऊ द्यावं, असा ठराव. काका उभे राहिले. मला वाटलं, विरोध करायला उठलेत. पण ठराव त्यांनीच मांडला आणि ते म्हणाले, “स्थानिक नागरिकांचा याला पाठिंबा आहे. विरोध असता तर आज ती गॅलरी भरलेली दिसली असती.” आणि त्यांनी हात वर करून गॅलरीकडे दाखवलं.

हात तसाच राहिला. त्यांना मी दिसले होते.

“माझा विरोध आहे!” मी उभी राहून ओरडले. खालून दोघं-तिघं हसले. गॅलरीतून बोलायला बंदी असते, एवढं सांगून शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात असताना मागून ‘मंजूर, मंजूर’ ऐकू आलं.

सभा संपल्यावर काका पायऱ्यांवर भेटले. चुकवून गेले नाहीत, हे मान्य करते.

“चल, गाडीतनं सोडतो.”

“शाळा कुठे होणार आता?”

“हुईल की. वढ्यापल्याड जागा बघू.”

“ओढ्यापलीकडे स्मशान आहे, काका.”

ते चिडले. “तुझ्या बापानं आयुष्यभर पत्रकं वाटली. एक तरी नळ आणला का? मी आणला. त्यासाठी कुणाकुणापुढं मान वाकवली, ते तुला न्हाई कळायचं. त्यांनीच परवा ही जागा मागितली. नळ फुकट येत न्हाई, पोरी.”

नळ खरंच त्यांनी आणला होता. मी बसने घरी आले.

दिवेलागणीला आई आली. कपाळभर कुंकू, खांद्यावर काकांचा फोटो छापलेली नवी पिशवी. येत्या रविवारी न्यायची ठरलेली देवीची सहल काकांनी त्या सकाळीच काढली होती. मी कॉलेजला गेल्यावर बसगाड्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“तू कुठे होतीस गं दिवसभर? भाऊजी स्वतः बसमध्ये चढून सांगून गेले, सभा तहकूब झाली म्हणून. कुणी माजी सभासद वारले म्हणे.”

आमच्या सभागृहाचा कुणी आजी-माजी सभासद वारला की श्रद्धांजली वाहायची आणि कामकाज पुढे ढकलायचं, ही रीतच आहे. सभा इतक्यांदा तहकूब व्हायच्या की बायकांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्या दिवशी कुणीही वारलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा आईने हातातला प्रसाद ओट्यावर ठेवला. वडील एवढंच म्हणाले, “तो असं करणार नाही.” ते अजूनही तेच म्हणतात. मला काकांपेक्षा त्या वाक्याचा जास्त राग येतो.

परवा बहिणीने विचारलं, “ताई, मीपण घरीच बसायचं का?”

ठराव झाला, आता काही होणार नाही, असं काका कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. ते खोटं आहे. आरक्षण बदलण्याआधी नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि ती मुदत आता सुरू आहे. तुम्ही या शहरात कुठेही राहत असा, एका कागदावर लिहा की ती जागा शाळेचीच राहिली पाहिजे. खाली सही करा. कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः महापालिकेत नेऊन द्या. खिडकीतला कारकून “ठेवून जा” म्हणाला तर हलू नका. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोर उभे राहा.