पाहुण्याच्या हातातलं पॅड

मेहकरातल्या बाया मला हमखास एकच विचारतात, "काहो, ते तुमचं कराटे खऱ्या भांडणात कामी येते का? का नुसतेच हातवारे?" मी सांगते, येते बाई. एका माणसाच्या मांडीवर मी ते करून पाहिलंय. त्याचं मला आजतागायत रत्तीभर वाईट वाटलेलं नाही, पुढंही वाटणार नाही.

तो माणूस कोण, ते आधी सांगते. माझं माहेर उंद्री. अकरावीला मी एसटीनं चिखलीला जायची. त्याच बसला तो असायचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. कॉलेजात नाव घातलेलं, पण खरा उद्योग म्हणजे मुलींच्या मागच्या सीटवर बसून फिदीफिदी हसणं. एक दिवस त्यानं माझ्या ओढणीचं टोक गुपचूप सीटच्या दांडीला बांधलं. चिखलीचा स्टॅन्ड आला, मी घाईनं उठले, ओढणी गळ्याला आवळली आणि मी तशीच मागं आपटले. अख्खी बस हसली. मी गाठ सोडत बसले आणि लोक माझ्या अंगावरून उतरत गेले.

गोष्ट घरी पोचली. बाबांनी त्याला जाब विचारला नाही, मला विचारला. "तूच काऊन त्याच्यापुढं बसली?" दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेज बंद. मला नर्स व्हायचं होतं, सायन्स घेतलं होतं, प्रॅक्टिकलची वही अर्धी भरली होती. वर्षभरात लग्न लावून मला मेहकरला पाठवलं. नवरा भला माणूस निघाला, हे माझं नशीब. पण म्हणून त्या बसमधल्याला माफ करायचं? माझी जूती करते माफ. कितीतरी भाकरी मी त्याचं थोबाड समजून थापल्यात.

कराट्यात मी पडले ती मुलीमुळं. तिला क्लासला घातलं होतं, आणि आम्ही आया पायरीवर बसून गप्पा हाणायचो. एक दिवस सर म्हणाले, "ताई, बसून काय राह्यल्या? या की." बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी उठले. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते.

आमचं कराटे फुल कॉन्टॅक्ट. म्हणजे समोरच्याच्या अंगाला लागायच्या आधी हात थांबवायचा नाही. छातीवर, पोटावर बुक्की मारायची ती खरीच, हातात ग्लोव्ह नाही. लाथ मारायची तीही खरी. पहिले दोन महिने मला जिना उतरता येत नव्हता. सासूबाई तेल चोळून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पैसे देऊन मार खाऊन राह्यली माय ही!" मला सगळ्यात आवडली ती लो किक. आपल्या नडगीचं हाड समोरच्याच्या मांडीवर आडवं घालायचं, बस. अंगणातल्या लिंबाला मी तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरून एक पोतं टांगलं होतं. सकाळी स्वयंपाकाच्या आधी त्याला शंभर लाथा घालायची. ते पोतं कोण होतं, हे घरात फक्त मला माहीत होतं.

या प्रकारात खोट नाही असं नाही. तोंडावर बुक्की मारायची नाही, हा आमचा नियम. नवरा म्हणाला, "अन् समोरच्यानं तोंडावरच हानली तं?" मी ऐटीत म्हटलं, "हानून पाहा." तो नाही, पण पोरीनं गमतीत हात चालवला आणि माझ्या नाकातून भळाभळा रक्त आलं. माझे दोन्ही हात छातीपाशीच. तोंड झाकायची सवयच नव्हती ना! तेव्हा कोणी म्हणेल की हेच जगातलं भारी कराटे, तर ते मी ऐकून घेणार नाही. पण एक गोष्ट ह्यानं दिली. मार लागला की आधी मला रडू यायचं. नंतर राग यायला लागला. तिसऱ्या वर्षी रडू नाही, राग नाही, फक्त समोरच्याची मांडी दिसायला लागली.

त्याच वर्षी बेल्ट वाटपाचा कार्यक्रम होता. एका शाळेच्या सभागृहात स्टेज, सतरंज्या, माइक. प्रमुख पाहुणे आले आणि मी जागच्या जागी गार पडले. तोच. पोट सुटलेलं, पांढरे कपडे, पुढारी झालेला. हसणं तेवढं तेच, फिदीफिदी. शाल घेतली, नारळ घेतला आणि माइक धरून म्हणाला, "आपल्या लेकींनी निर्भय झालं पाहिजे. लेक शिकली पाहिजे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या वाजत होत्या. शेजारची म्हणाली, "किती चांगलं बोलून राह्यले." मी दातओठ खात बसले. मला त्याच्याकडून माफी नको होती. मी कोण, ते त्याला कळायला हवं होतं, आणि दुखायला हवं होतं.

आता आमच्या सरांची एक पद्धत आहे. पाहुण्याला नुसतं खुर्चीत बसवायचं नाही, त्याच्या हातात पॅड द्यायचं. जाड उशीसारखं असतं ते. पाहुण्यानं धरायचं, विद्यार्थ्यानं हलकीशी लाथ मारायची, फोटो काढायचा. सर माइकवर म्हणाले, "आमच्या वयानं सगळ्यात मोठ्या विद्यार्थिनी, ताई, पुढं या."

मी गेले. वाकून "ओस" म्हटलं, हा आमचा कराट्यातला नमस्कार. त्यानं हात जोडले. ओळख? काही नाही. सरांनी त्याला सांगितलं, "साहेब, पॅड मांडीला चिकटवून धरा. मधी जागा नका ठेवू." पण साहेबांचं लक्ष कॅमेऱ्याकडं. पॅड त्यानं ताटासारखं वीतभर पुढं धरलं. अंतर सोडलं की पॅड वाचवत नाही, उलट तेच येऊन मांडीवर बसतं. हे आमच्या क्लासातल्या लहान पोरींनाही माहीत आहे.

मी मारली. अंगणातल्या पोत्याला मारायची तशीच, पूर्ण कंबर फिरवून. साहेब एका गुडघ्यावर आले, शाल घसरली. सभागृहात हशा पिकला. सर धावले. मीच त्याला हात देऊन उठवलं. चारचौघांत बाईच्या लाथेनं बसलो असं दिसू द्यायचं नव्हतं त्याला. घाम पुसत मोठ्यांदा म्हणाला, "काही नाही, काही नाही! ताई, घ्या अजून एक! फोटो नीट येऊ द्या!" आणि पॅड पुन्हा धरलं, या वेळी घट्ट, पण पोटापाशी.

त्याची घसरलेली शाल सारखी करायचं निमित्त करून मी जवळ गेले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "उंद्रीची बस. सीटच्या दांडीले ओढणी बांधली होती. त्यापायी माहं कॉलेज सुटलं."

वाटलं होतं, चेहरा उतरेल. नाही तर सरळ नाकबूल करील. पण तो खरंच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, हळू आवाजात त्यानं विचारलं, "त्यातली कोनती तू?"

त्यातली. म्हणजे गाठी सोडत बसलेल्या आम्ही कितीजणी होतो आणि कितीजणींची दप्तरं घरात पडली, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

सर म्हणाले, "ताई, हळू हं, फोटोपुरती." मी हो म्हटलं, एक पाऊल मागं आले, वाकले. पॅडच्या खाली, गुडघ्याच्या वर, त्याची मांडी उघडी होती. मी तिथं मारली.