दिव्याच्या लेखी

पॅसेजमधला, माणसाच्या हालचालीवर लागणारा दिवा आज मी टेबलावर खोलून बसलो. नाना, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी तिथल्याच खुर्चीत बसतात आणि ते समोर असतानाच हा मेला विझतो. मग अंधारात नाना हात वर करतात. दिवा लागतो. "आहे रे बाबा अजून," असं त्या दिव्यालाच सांगून ते हसतात. मला मात्र ते हसणं अलीकडे ऐकवत नाही.

वरचं टोपण काढल्यावर वाटाण्याएवढा सेन्सर दिसला. त्याला इवलीशी काळी काच आणि तिच्याआड दोन कप्पे. अंगाची ऊब एका कप्प्यासमोरून दुसऱ्यासमोर सरकली, तर माणूस आहे. दोन्हीकडे सारखीच राहिली, तर कोणी नाही. बिघाड कुठेच नव्हता. बसल्या माणसाला इतक्या थंडपणे वजा करणारी ही वस्तू मीच हौसेने आणली होती, नाना अंधारात पडू नयेत म्हणून.

दिवेलागणीला तो पुन्हा जागेवर बसवला. नाना खुर्चीत येऊन टेकले. मी दारात उभा राहिलो. थोड्या वेळाने दिवा विझला. आता हात वर होईल म्हणून मी थांबलो. खुर्चीकडून कसलीच चाहूल आली नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं, तरी दिवा लागला असता आणि सगळं दिसलं असतं.

मी हललो नाही.