जळत नाही ते

सगळी गल्ली तिला डागकाकू म्हणायची. सायकलच्या साखळीचं वंगण पँटला लागलं, नव्या कपड्यावर तेल सांडलं, की माणसं आधी तिच्या दारात. चहाचे डाग घेऊन कुणी आलं तर ती परत पाठवायची, कारण तिची बाटली फक्त तेलातुपाला ओळखत होती. शेजारीण म्हणायची, "काकू, नवऱ्याच्या स्वभावावरचे डाग निघतात का हो तुमच्या त्या औषधानं?" ती म्हणायची, "ते मुरलेले असतात बाई. मी वरवरचे काढते."

बाटली कारखान्यातली होती. दाब मोजणारी, वजन दाखवणारी, काटेवाली यंत्रं तिथे दुरुस्तीला यायची आणि त्यांचे सुटे भाग धुवायचं काम तिच्याकडे होतं. मुगाच्या दाण्याएवढी दातेरी चाकं जाळीच्या टोपलीत घालायची, टोपली स्टीलच्या टाकीत हळूच सोडायची, हळूच वर काढायची. टाकीतलं रसायन दिसायला पाण्यासारखं, पण बाटलीत भरून उचललं की मनगट दचकायचं, इतकं जड. वास जेमतेम. हातावर थेंब पडला की गार शिरशिरी यायची आणि बघेपर्यंत थेंब गायब. पिंपावर लिहिलेलं त्याचं लांबलचक नाव कुणाच्या जिभेला झेपत नसे, म्हणून सगळे त्याला 'थंडा' म्हणत.

ती कामाला लागली त्या दिवशी तिथल्या मिस्त्रींनी थंड्यात भिजवलेल्या चिंधीला पेटती काडी लावून दाखवली होती. काडी विझली, चिंधी तशीच. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मग मिस्त्री बराच वेळ बोलत होते. झाकण उघडं टाकू नका. हातमोजे घाला, नाहीतर हातांचं तेल शोषून कातडी तडकेल. आत चाक पडलं तर टाकीत डोकं घालू नका, वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यातल्या पाण्यासारखी खाली साचते, माणसाला श्वासच मिळत नाही. म्हणून तर पंखा भिंतीत खाली बसवलाय. आणि पेटत नाही म्हणून विस्तवाजवळ, लाल तारेजवळ न्याल, तर तिथे ते फुटतं आणि त्याचा विषारी वायू होतो.

तिनं सगळं ऐकलं आणि कारखान्यात तसंच वागली. कुणी टोपली धसमुसळेपणानं ओढली तर तीच ओरडायची. पण ऑफिसात हात जोडून बोलणारा माणूस घरी पाय पसरून बसतो ना, तसं तिचं थंड्याशी होतं. तळाशी उरलेलं ती बाटलीत भरून आणायची, मिस्त्री बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि घरी आलं की ते घरचं व्हायचं. घरी तिच्या डोक्यात उरायची फक्त ती विझलेली काडी.

घरात नवरा आणि सासूबाई. सासूबाईंची जीभ म्हणजे त्या घराचा रेडिओ, बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नव्हतं. "तुझ्या माहेरी मीठ फुकट मिळायचं का गं?" अशी सकाळ सुरू व्हायची. तीही काही कमी नव्हती. "फुकट मिळायचं, म्हणून तर तुमच्याकडे धाडलं मला, जरा बचत शिकायला." मग दोघी एकाच कपातला चहा बशांत वाटून घ्यायच्या.

त्या हिवाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरले होते. जमिनीवर गादी, शेजारी विजेची शेगडी, तिची तार लालभडक. खिडकीच्या फटीत फडकी कोंबलेली. दुपारी गुडघ्याला लावायच्या तेलाची वाटी त्यांच्या हातून शालीवर कलंडली. शाल त्यांच्या भावानं दिलेली, आणि भाऊ दुसऱ्या दिवशी यायचा होता.

"आत्ताच्या आत्ता काढ. तो म्हणेल, मी दिलेल्या शालीनं ही फरशी पुसते."

तिनं गादीशेजारीच शाल पसरली, ताटलीत थंडा ओतला आणि फडक्यानं टिपायला लागली.

"दोन थेंबांनी काय होणार? ओत की जरा. कंजूष कुठली!"

तिनं आणखी ओतलं. डाग फिका होत गेला. सासूबाई डोळे चोळायला लागल्या.

"चुरचुरतंय गं. घशात टोचतंय काहीतरी. ती खिडकी उघड बघू."

"बाहेर गारठा किती आहे आई. उद्या भाऊ यायचे आणि तुम्ही खोकत बसणार?"

"अगं, काहीतरी जळल्यासारखं वाटतंय."

"छे, जळत नाही ते," ती म्हणाली. आणि शाल उन्हात टाकायला बाहेर गेली. जाताना, ऊब जाऊ नये म्हणून, दार नीट ओढून घेतलं. ताटली गादीशेजारीच होती.

परत आली तेव्हा सासूबाई उठून बसल्या होत्या, डोळ्यांतून धारा, खोकला थांबेना. दार उघडल्याबरोबर तिच्याही घशाला आग लागली. तिनं खिडकी उघडली, शेगडी बंद केली, त्यांना धरून बाहेर ओट्यावर आणलं. तासाभरानं त्यांना बरं वाटलं, चहासुद्धा घेतला. संध्याकाळी मात्र श्वास घरघरायला लागला आणि ओठ काळसर पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय जाळलं होतं?" नवरा म्हणाला, "काहीच नाही." तिनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

मिस्त्री भेटायला आले. व्हरांड्यात त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मी सांगितलं होतं ना गं?"

"सांगितलं होतं."

 

सासूबाई घरी आल्या, पण त्यांची छाती पूर्वीसारखी झाली नाही. जिना बंद झाला. एक वाक्य दोन तुकड्यांत यायला लागलं. तरी त्या दूधवाल्याला पाण्यावरून बोलत, लेकाला ओल्या टॉवेलवरून बोलत, धापा टाकत बोलत. फक्त तिला काही म्हणत नसत. मीठ जास्त पडलं तरी "असू दे". दूध उतू गेलं तरी "असू दे". एकदा तिनं मुद्दाम भाजी करपवली. सासूबाई मुकाट जेवल्या. ती मोरीत जाऊन रडली.

एकदा आई बोलल्या असत्या, खिडकीवरून, दारावरून, नाव घेऊन, तर तिला हलकं झालं असतं. त्या एका बोलण्याची ती वाट बघत राहिली.

मग एका वर्षी कारखान्यात थंडा बंद झाला. पिंपं गेली, साबणाच्या गरम पाण्याच्या टाक्या आल्या. त्या संध्याकाळी ती सासूबाईंच्या पायाशी बसली.

"आई, ते बंद केलं. त्याची वाफ वर्षानुवर्षं हवेत राहते, वर वर चढत जाते म्हणे. उन्हातलं वाईट गाळणारा एक थर आहे तिकडे, त्याला ही वाफ खाते."

"एवढं वर... जातं? आपल्याकडे तर... गादीपाशीच बसलं होतं."

ती हसली नाही. "आई, मला बोला हो एकदा. काय वाटेल ते बोला."

"श्वास लागतो गं... बोलायला."

"दूधवाल्याला तर बोलता!"

सासूबाई बराच वेळ दम गोळा करत राहिल्या. "तो उद्या... विसरतो. तू जन्मभर... घोकत बसशील."

त्यानंतर तो विषय निघाला नाही. पुढच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या.

आता ती कुणाचे डाग काढत नाही. भांडी घासताना कधीकधी त्यांच्या आवाजात स्वतःला बोलून बघते. पण सासूबाईंची रीत तिला साधत नाही. त्या कधी थेट मुद्द्यावर येत नसत. आधी माहेर निघायचं, मग हाताची चव, मग चालण्याची ढब, असं दहा गल्ल्या फिरून बोलणं घरी यायचं आणि तोवर ऐकणाऱ्याला हसू फुटलेलं असायचं. ती मात्र पहिल्याच वाक्यात खिडकीपाशी पोचते. पुढे तिला काही सुचत नाही.