आलाप स्किप करा

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

बाबा कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपली की सायकल मारत नारायण पेठेत गाणं शिकायला जायचे. गुरुजींची एकच अट होती, मी सांगेपर्यंत गाणं रेकॉर्ड करायचं नाही. गुरुजी गेले, सांगायचं राहूनच गेलं. बाबांनी अट पाळली. मी कितीदा फोन पुढे धरला, पण ते हाताने बाजूला सारायचे. त्या हट्टाचाही मला राग येतो.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशन गुरुवारी, आणि आदल्या रविवारी सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम. बाबा म्हणाले, "एकदा लोकांपुढे गातो." मी सेक्रेटरींच्या हातापाया पडून वीस मिनिटं मिळवली, कारणही सांगितलं. "अहो, नक्की! क्लासिकल हवंच, जरा क्लास वाटतो," ते म्हणाले.

बाबांनी यमन सुरू केला. डोळे मिटून षड्ज, मग निषाद, सावकाश. आवाज खरखरीत झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. तीन-चार मिनिटांनी निवेदिका माईकवर म्हणाली, "काका, माईक एकदम ओके आहे हं, आता गाणं स्टार्ट करा!" सगळे हसले. बाबांनी डोळे उघडले. सेक्रेटरी खालून बोटांची कात्री दाखवत होते. "आलाप स्किप करा, डायरेक्ट गाण्यावर या." बाबांनी तंबोऱ्याचं मशीन बंद केलं, नमस्कार केला आणि खाली उतरले.

मी सेक्रेटरींना तिथेच झापलं. "मॅडम, पब्लिक बोअर होतं," म्हणे. या पब्लिकला लिफ्टमध्ये बासरी चालते, फोन होल्डवर असताना सतार चालते. समोर माणूस गायला बसला की मात्र बोअर होतं!

ऑपरेशन झालं. बाबा आता पाटीवर लिहून बोलतात. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कार्यक्रमाची रील आली. तिच्यात बाबांचे अकरा सेकंद आहेत. एक लांब निषाद, त्याखाली कुणीतरी घातलेला ढोलाचा ठेका, मग निवेदिकेचं ते वाक्य आणि हशा. मी ग्रुप सोडला. रील मात्र फोनमध्ये ठेवली आहे, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर. बाबांच्या आवाजाचं दुसरं काहीही माझ्याकडे नाही.